पाठाच्या पानात जडविलेली चौकट : ‘गिरणगाव’ या पाठाच्या आधारे

प्रस्तावना

गेल्या काही वर्षांत पुष्कळ प्राथमिक शाळांनी स्वतःची संकेतस्थळे केली आहेत. कोणी पाठाची टिपणे घालतो, कोणी स्वाध्याय घालतो, कोणी वार्षिक स्नेहसंमेलनाची छायाचित्रे लावतो. अशा पानावर केवळ मजकूर न देता त्यातच नकाशा, चित्रफीत किंवा प्रश्नसंच दिसेल अशी सोय करता येते. या सोयीस व्यवहारात ‘विजेट’ म्हणतात, आणि ते पानात बसविण्याच्या क्रियेस ‘एम्बेड करणे’ म्हणतात. मराठीत त्यास ‘जडविणे’ हा शब्द चपखल बसतो.

चौकट जडविणे सोपे आहे. एक कोड उचलून दुसरीकडे चिकटविला की काम झाले असे वाटते. परंतु जे दिसते ते आपल्या पानावर असते काय, ते किती दिवस टिकेल, आणि ते पाहणाऱ्या मुलाची कोणती माहिती कोणाकडे जाते, हे प्रश्न सोपे नाहीत. शिक्षकाने ते समजून घेतले नाहीत, तर मोठ्या कष्टाने केलेला पाठ एके दिवशी वर्गासमोर रिकामा उभा राहतो. प्रस्तुत लेखात ‘गिरणगाव’ हा परिसर अभ्यासाचा एक पाठ उदाहरणादाखल घेऊन या साऱ्या गोष्टींचा विचार केला आहे.

गिरणगावचा पाठ निवडण्याचे कारण असे की, तो मुंबईचा असूनही खेड्यातील शाळेला परका नाही. लालबाग-परळच्या गिरण्यांतील कामगार बहुतांशी कोकणातून आणि सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर यांसारख्या घाटावरील जिल्ह्यांतून गेलेले होते. ज्या गावात हा लेख वाचला जाईल, त्या गावात गिरणीत खाते धरलेला एखादा आजोबा आजही ओटीवर बसलेला असण्याचा संभव आहे.

ठसा आणि खिडकी

जडविलेली चौकट म्हणजे काय हे कळण्यासाठी आधी जुन्या छापखान्याची आठवण करावी. गिरगाव-काळबादेवीच्या भागात निर्णयसागरासारखे नामांकित छापखाने होते. तेथे खिळ्यांची जुळणी करताना चित्राची जागा मोकळी ठेवीत आणि त्या जागी चित्राचा ठसा, म्हणजे ब्लॉक, घट्ट बसवीत. एकदा पान छापून झाले की चित्र कागदावर कायमचे उमटले. पुढे तो ठसा झिजो, मोडो, वा मालकाने परत नेवो; वाचकाच्या हातातील चित्रास त्याची बाधा होत नसे.

जडविलेली चौकट तशी नव्हे. ती चाळीच्या खोलीतील खिडकीसारखी आहे. गिरगावातील एखाद्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या वाडीतील गणपतीचा मांडव दिसतो. पण तो मांडव त्या खोलीत नसतो. वाडीने मांडव काढला की खिडकी राहते, देखावा जातो. वाडीने मांडवावर जाहिरातीचा फलक लावला, तर तोही आपल्या खोलीतून दिसू लागतो. तद्वत आपल्या पानावर दिसणारा नकाशा हा आपल्या पानावर नसून, ज्या संस्थेचा तो नकाशा आहे तिच्या संगणकावर असतो. पान उघडणाऱ्या प्रत्येक वेळी मुलाचा ब्राउझर त्या दूरच्या संगणकाकडे जाऊन तो देखावा नव्याने आणतो.

या खिडकीचे तांत्रिक नाव ‘आयफ्रेम’ असे आहे. १९९६ साली मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरात ती प्रथम आली व १९९७ च्या एचटीएमएल ४ या प्रमाण आवृत्तीत तिला मान्यता मिळाली. पुढे २००५ साली यूट्यूब सुरू झाले आणि चित्रफितीखालील कोड उचलून आपल्या पानावर लावण्याची रीत जगभर रूढ झाली.

याहून निराळा असा दुसरा प्रकार आहे. काही विजेटे खिडकीतून दिसत नाहीत. ती आपल्या पानात शिरूनच काम करतात. त्यांस ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. खिडकीतून दिसणारा शेजारी आणि घराची किल्ली दिलेला पाहुणा यांत जे अंतर आहे, तेच आयफ्रेम आणि स्क्रिप्ट यांत आहे. पाहुणा सज्जन असेल. परंतु किल्ली त्याच्या हाती आहे हे विसरता येत नाही. या भेदाचा उपयोग पुढे सुरक्षिततेच्या विवेचनात होईल.

पाठाचा आराखडा

चौकट जडविण्यापूर्वी पाठ लिहिलेला असावा, हा पहिला नियम होय. अनेकदा उलट घडते. आधी चित्रफीत सापडते आणि मग तिच्याभोवती पाठ गुंडाळला जातो. गिरणगावच्या पाठाचा मजकूर शिक्षकाने स्वतःच्या शब्दांत पानावर लिहावा. त्यातील मुख्य मुद्दे येणेप्रमाणे :

१. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेव येथे कापडगिरणीची कंपनी काढली व १८५६ साली ती गिरणी चालू झाली. त्यापूर्वी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झालेली होती. आगगाडी, बंदर आणि गिरणी या तिहींच्या योगाने मुंबईची औद्योगिक वाढ झाली.

२. लालबाग, परळ, भायखळा, वरळी, शिवडी या पट्ट्यात गिरण्यांची दाटी झाली आणि त्यांच्या सावलीत चाळी उभ्या राहिल्या. एकेका खोलीत कितीतरी माणसे पाळीपाळीने झोपत. ज्यांचे कुटुंब गावी असे, ते खानावळीत जेवत. अशा खानावळी चालविणाऱ्या बायकांच्या कष्टांवर गिरणगाव उभे होते.

३. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांची संघटना उभारली व त्यांच्या खटपटीने १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. १९११ साली ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन करून कामगारवस्तीत रात्रशाळा व वाचनालये चालविली.

४. गिरगावात केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. लालबागचा उत्सव १९३४ सालचा. परळला १९२६ साली केईएम रुग्णालय उभे राहिले. परळच्याच बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहिले व पुढे दादरला ‘राजगृह’ बांधून तेथे गेले.

५. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या. हजारो कामगार गावी परतले. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात आज मोठे व्यापारसंकुल आहे.

एवढा मजकूर लिहून झाल्यावर शिक्षकाने प्रत्येक मुद्द्यापुढे एकच प्रश्न विचारावा : ‘येथे शब्दांनी जे होत नाही, ते कोणती चौकट करील?’ पहिल्या व दुसऱ्या मुद्द्यास नकाशा लागेल. तिसऱ्यास काहीच लागणार नाही. तेथे शिक्षकाचे कथनच उत्तम. पाठाच्या शेवटी उजळणीचा प्रश्नसंच लागेल. शहराचे त्या काळचे दृश्य दाखविण्यास एक लहान चित्रफीत लागेल. एका पानास तीन चौकटी पुष्कळ झाल्या. याहून अधिक जडविल्यास पान जड होते आणि खेड्यातील मंद जोडणीवर ते उघडत नाही.

नकाशाची चौकट

नकाशासाठी दोन सोयी सहज उपलब्ध आहेत. गूगल मॅप्सवर हवे ते ठिकाण काढून ‘शेअर’ दाबले असता नकाशा एम्बेड करण्याचा पर्याय दिसतो. तेथील कोड उचलावा. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला, लोकांनी मिळून काढलेला नकाशा आहे. त्यातही ‘शेअर’च्या पट्टीत एचटीएमएल हा पर्याय आहे. गिरगाव ते दादर एवढाच भाग चौकटीत यावा अशा बेताने नकाशा आधी जुळवून घ्यावा. संपूर्ण मुंबई दाखविल्यास लालबाग ठिपक्याएवढे होते, आणि एकच गल्ली दाखविल्यास समुद्र व रेल्वे यांचा संबंध तुटतो.

कोड शाळेच्या पानात चिकटविताना मजकुराच्या खिडकीत चिकटवू नये. तसे केल्यास पानावर नकाशा न दिसता कोडच छापला जातो. ब्लॉगरमध्ये पानाचे ‘एचटीएमएल’ रूप उघडून तेथे चिकटवावा. गूगल साइट्समध्ये ‘एम्बेड’ हा स्वतंत्र पर्याय आहे. वर्डप्रेसमध्ये यूट्यूबसारख्या सुप्रसिद्ध स्थळांचा केवळ पत्ता स्वतंत्र ओळीवर लिहिला तरी चौकट आपोआप तयार होते. मूडलवर चालणाऱ्या अभ्यासक्रमात संपादकाच्या पट्टीतून एचटीएमएल रूप उघडता येते.

आकारमानाकडे विशेष लक्ष द्यावे. गूगल मॅप्सचा कोड साधारणतः ६०० रुंद व ४५० उंच अशी मापे घेऊन येतो, तर यूट्यूबचा ५६० रुंद व ३१५ उंच. पहिले प्रमाण ४ : ३ व दुसरे १६ : ९ असे आहे, हे भाग देऊन मुलांकडूनही काढून घेता येईल. ही मापे संगणकाच्या पडद्यास ठीक आहेत. परंतु मुले पान पाहतात ते बहुधा पालकांच्या भ्रमणध्वनीवर, आणि त्याची रुंदी या मापाने बऱ्याच वेळा ३६० च्या आसपास असते. परिणामी अर्धा नकाशा कडेबाहेर जातो; ताडदेव दिसते आणि शिवडी दिसत नाही. म्हणून रुंदीच्या जागी आकडा न ठेवता ‘१०० टक्के’ असे लिहावे आणि पान स्वतः भ्रमणध्वनीवर उघडून पाहावे.

चौकटीच्या वर एका ओळीचे सूचक वाक्य आणि खाली एक काम अवश्य असावे. ‘नकाशा पाहा’ हे काम नव्हे. ‘दोन रेल्वेमार्ग ज्या स्थानकावर एकमेकांस भेटतात ते दादर शोधा; तेथून समुद्र कोणत्या दिशेस आहे ते सांगा; लालबाग व परळ रेल्वेच्या कोणत्या बाजूस येतात ते पाहा’ हे काम होय. कामावाचून चौकट म्हणजे मुलाच्या बोटांस खेळणे.

चित्रफितीची चौकट

चित्रफीत निवडताना लांबीचा मोह टाळावा. यूट्यूबच्या एम्बेड पर्यायात चित्रफीत कोणत्या क्षणापासून सुरू व्हावी हे ठरविता येते. वीस मिनिटांच्या फितीतील दोन मिनिटे उपयोगी असतील तर तेवढीच दाखवावीत. त्याच ठिकाणी गोपनीयता वाढविण्याचा एक पर्याय असतो. त्यावर खूण करावी. चित्रफीत पान उघडताच आपोआप सुरू होईल असे कधीही करू नये. पालकाच्या भ्रमणध्वनीचा दिवसाचा डेटा त्यात खर्च होतो. चित्रफीत संपल्यावर पडद्यावर इतर फिती सुचविल्या जातात व मुलांचे लक्ष तिकडे जाते, यास्तव वर्गात शेवटच्या क्षणापूर्वीच ती थांबवावी.

या पाठासाठी एक सुंदर जोड उपलब्ध आहे. दादासाहेब फाळके यांनी दादरच्या मेन रोडवर चित्रीकरण करून ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट तयार केला आणि ३ मे १९१३ रोजी तो गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ येथे लोकांस दाखविला. ज्या गिरगाव-दादरचा नकाशा मुलांनी नुकताच पाहिला, तेथेच भारतीय चित्रपटाचा आरंभ झाला हे त्यांना प्रत्यक्ष दाखविता येते. भारतातील कायद्यानुसार चित्रपटावरील अधिकार प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणून इतक्या जुन्या चित्रपटाची उपलब्ध फीत शाळेने स्वतःपाशी जतन करण्यासही हरकत नाही. मात्र अलीकडच्या माणसाने तयार केलेली माहितीफीत उतरवून घेणे योग्य नव्हे. तिची केवळ चौकट जडवावी, म्हणजे ती कर्त्याच्याच स्थळावर राहते व कर्त्याचे नावही दिसते.

प्रश्नसंचाची चौकट

उजळणीसाठी गूगल फॉर्म्सवर प्रश्नसंच करून तो पानात जडविता येतो. एच५पी नावाचे मुक्त साधन वर्डप्रेस किंवा मूडलमध्ये बसविले असता जोड्या लावणे, रिकाम्या जागा भरणे, चित्रावरील योग्य जागी बोट ठेवणे असे प्रश्न शाळेच्याच स्थळावर तयार होतात. यात चौकटीतील वस्तू आपलीच असते, हा मोठा लाभ होय.

प्रश्न नेमके व थोडे असावेत. ‘मुंबईतील पहिली कापडगिरणी कोठे निघाली?’, ‘रविवारच्या सुट्टीसाठी कोणी खटपट केली?’, ‘घरापासून दूर राहणारे कामगार कोठे जेवत?’ असे पाच-सहा प्रश्न पुरेत. प्रश्नसंचात मुलाचे नाव, हजेरी क्रमांक, पालकाचा दूरध्वनी, ईमेल यांपैकी काहीही मागू नये. उजळणी ही मुलासाठी आहे; नोंदीसाठी नाही. कोणाचे किती चुकले हे जाणून घ्यायचे असेल तर ते वर्गात हात वर करवून कळते.

रिकाम्या चौकटी

आता या साधनाच्या मुख्य दोषाकडे वळू. खिडकीतील देखावा परस्वाधीन असतो हे वर सांगितले. त्याचे अनुभव जगाने घेतले आहेत.

एके काळी शैक्षणिक खेळ, सजीव आकृत्या व प्रश्नसंच ‘फ्लॅश’ या तंत्रावर तयार होत. अडोबी कंपनीने २०१७ साली घोषणा केली, ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातील मजकूर चालेनासा झाला. ज्या शिक्षकांनी वर्षानुवर्षे अशा चौकटी जमविल्या होत्या, त्यांच्या पानांवर करड्या रंगाचे चौकोन तेवढे उरले. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपांवर बंदी घातली. त्या स्थळावरील चित्रफिती ज्यांनी आपल्या पानात जडविल्या होत्या, त्यांच्याही चौकटी येथे रिकाम्या झाल्या. ठिकठिकाणची छायाचित्रे नकाशावर दाखविणारी पॅनोरामियो ही सेवा २०१६ साली बंद झाली. २०१८ साली गूगलने नकाशाच्या काही सोयींचे नियम व दर बदलले, तेव्हा अनेक संकेतस्थळांवरील नकाशे काळवंडून त्यांवर सूचना उमटली.

यांत कोणाचा दुष्ट हेतू होता असे नाही. दुसऱ्याची वस्तू दुसऱ्याच्या सोयीने चालते, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून उपाय असे करावेत :

१. पाठाचा गाभा चौकटीत ठेवू नये. सर्व चौकटी उडून गेल्या तरी उरलेला मजकूर वाचून पाठ समजला पाहिजे. ही कसोटी प्रत्येक पानास लावावी.

२. प्रत्येक चौकटीखाली तीत काय आहे याचे दोन ओळींत वर्णन, मूळ स्थळाचे नाव आणि दुवा द्यावा. चौकट रिकामी झाल्यास वाचकास निदान काय होते हे कळेल. दृष्टिहीन मुलासही या वर्णनाचा उपयोग होतो.

३. शाळेत जडवस्तुसंग्रह नोंदवही असते. तशीच चौकटींची एक नोंदवही ठेवावी. कोणते पान, कोणती चौकट, कोठून आणली, कोणत्या तारखेस तपासली, बिघडल्यास पर्याय काय, असे पाच रकाने पुरेत. प्रत्येक सत्राच्या आरंभी एकदा सर्व पाने उघडून पाहावीत.

४. नकाशाची छापील प्रत काढून ठेवावी. ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा त्याच्या योगदात्यांचा उल्लेख करून छापण्यास मोकळीक आहे. वीज गेली तरी भिंतीवरचा नकाशा जात नाही.

कधी चौकट पहिल्या दिवसापासूनच रिकामी दिसते. त्याची दोन सामान्य कारणे आहेत. काही संस्था आपले पान दुसऱ्याच्या चौकटीत दिसू नये असा बंदोबस्त करून ठेवतात. तेथे खटपट न करता साधा दुवा द्यावा. दुसरे, शाळेचे पान ‘एचटीटीपीएस’ या सुरक्षित पद्धतीचे असून चौकटीतील पत्ता जुन्या ‘एचटीटीपी’ पद्धतीचा असेल, तर ब्राउझर ती चौकट अडवितो. त्या स्थळाचा सुरक्षित पत्ता असल्यास तो घालावा.

किल्ली कोणाच्या हाती

रिकामी चौकट वेळ घालविते. परंतु काही विजेटे याहून अधिक हानी करू शकतात. फेब्रुवारी २०१८ मधील एक घटना या बाबतीत शिक्षकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ‘ब्राउझअलाउड’ हे पानावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारे एक विजेट होते. वाचण्यात अडचण येणाऱ्यांसाठी ते उपयुक्त असल्यामुळे ब्रिटनमधील सरकारी कार्यालयांसह जगातील ४,००० हून अधिक संकेतस्थळांनी ते लावले होते. ११ फेब्रुवारी रोजी कोणीतरी त्या विजेटच्या मूळ स्क्रिप्टमध्ये गुपचूप फेरफार केला. त्यासरशी या सर्व स्थळांना भेट देणाऱ्यांचे संगणक, त्यांच्या नकळत, परक्याच्या लाभासाठी आभासी चलन निर्माण करण्याच्या कामास जुंपले गेले. नागरिकांच्या माहितीचे रक्षण करणारे ब्रिटनचे माहिती आयुक्तालयही त्यातून सुटले नाही.

येथे विजेट वाईट नव्हते आणि ते लावणाऱ्यांचा हेतूही चांगला होता. चूक एवढीच की, हजारो घरांच्या किल्ल्या एका ठिकाणी टांगलेल्या होत्या. म्हणून भेट देणाऱ्यांची संख्या मोजणारे, घड्याळ दाखविणारे, फुले उडविणारे, राशिभविष्य सांगणारे विजेट शाळेच्या पानावर लावू नये. ते पाठास काही देत नाही आणि किल्ली मात्र घेते. जे विजेट आयफ्रेमच्या रूपात मिळते ते स्क्रिप्टच्या रूपात घेऊ नये.

दुसरी गोष्ट मुलांच्या माहितीची. चौकट उघडताच मूळ स्थळास कळते की कोणत्या जोडणीवरून, कोणत्या उपकरणावर, केव्हा पान पाहिले गेले. काही स्थळे याच्या आधारे पाहणाऱ्याच्या आवडीनिवडीचा माग ठेवतात. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले आहे आणि बालकाच्या माहितीसाठी पालकाच्या संमतीचे तत्त्व स्वीकारले आहे. खेड्यातील शिक्षकावर पालकांचा जो विश्वास असतो तो कायद्याहूनही जुना आहे. ज्या गावात मुलाचे दप्तर विचारल्यावाचून कोणी उघडत नाही, तेथे त्याच्या डोळ्यांचा माग परक्यास घेऊ देणे योग्य नव्हे.

वर्गातील प्रत्यक्ष पाठ

ज्या शाळेत एकच पडदा किंवा एकच संगणक आहे, तेथेही हा पाठ चांगला होतो. आदल्या दिवशी शिक्षकाने पान उघडून तिन्ही चौकटी चालतात याची खात्री करावी. पाठाच्या आरंभी पडदा झाकलेलाच ठेवावा. ‘आपल्या गावातून मुंबईला कोण कोण गेले?’ असे विचारून नावे व नाती फळ्यावर लिहावीत. मामा, चुलते, आजोबा, आत्या अशी यादी होईल. ‘ते तेथे काय करीत?’ या दुसऱ्या प्रश्नातून गिरणीचा विषय आपोआप निघेल. मग हेतुकथन करून नकाशाची चौकट उघडावी.

नकाशा पाच मिनिटे, कथन पंधरा मिनिटे, चित्रफीत दोन मिनिटे, प्रश्नोत्तरे आठ मिनिटे असा साधारण हिशेब धरावा. ताडदेवची पहिली गिरणी सांगताना नकाशावर ताडदेव दाखवावे; संप सांगताना पडदा पुन्हा झाकावा. अडीच लाख माणसांनी काम थांबविले आणि भोंगे निमाले, ही गोष्ट मुलांनी शिक्षकाच्या मुखातून ऐकावी; त्या वेळी त्यांचे डोळे हलत्या चित्राकडे नसावेत. साधन केव्हा दाखवावे यापेक्षा केव्हा झाकावे हे जाणणारा शिक्षक अधिक कुशल होय.

जोडणी तुटली तर भिंतीवरचा छापील नकाशा, फळ्यावरील प्रश्न आणि शिक्षकाचे कथन यांवर पाठ पुढे चालावा. मुलांस जोडणी तुटल्याचे दुःख वाटू नये, इतकी तयारी असावी.

पाठाचा शेवट गावात

नकाशा गूगलचा, चित्रफीत यूट्यूबवरची, प्रश्नसंचाची कल्पना एच५पीची. मग या पानावर शाळेचे स्वतःचे काय? हा प्रश्न पाठाच्या शेवटी शिक्षकाने स्वतःस विचारावा.

गिरणगावाच्या बाबतीत तो विशेष महत्त्वाचा आहे. लालबाग-परळच्या पुष्कळ गिरण्या पाडल्या गेल्या. चिमण्या गेल्या, चाळी जात आहेत. त्यांची छायाचित्रे ज्या स्थळांवर आहेत ती स्थळेही कायमची नाहीत, हे वर पाहिलेच. तिसरा साठा उरतो तो माणसांच्या आठवणीत, आणि तो गावात आहे. १९८२ साली पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या आसपास आहे. त्याच्यापाशी गिरणीचा पास असेल, एखादे पगारपत्रक असेल, खानावळीतील बाईंचे नाव त्याच्या ओठांवर असेल. हे ज्ञान कोणत्याही चौकटीत सापडत नाही आणि त्यास फारसा अवधीही उरलेला नाही.

म्हणून या पाठाचा स्वाध्याय असा द्यावा. मुलांनी घरी किंवा शेजारी गिरणीत काम केलेल्या व्यक्तीकडे जावे. ‘आजोबा, तुम्ही कोणत्या खात्यात होता? कोणत्या पाळीत? राहायला कोठे? जेवायला कोठे? गावी पहिले पत्र कोणाला लिहिले?’ असे पाच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून आणावीत. ‘साचा’, ‘बदली’, ‘जॉबर’, ‘रातपाळी’ असे शब्द येतील. ते बदलू नयेत, समासात त्यांचा अर्थ लिहावा. आजोबांना सांगून, त्यांची अनुमती घेऊन, त्यांचा आवाज भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करावा. प्रसिद्ध करायचे असल्यास तेही त्यांना स्पष्ट विचारावे आणि नाव द्यायचे की नाही हे त्यांच्यावर सोपवावे.

ही ध्वनिमुद्रणे व टिपणे शाळेच्या स्वतःच्या स्थळावर, आणि त्यांची एक प्रत शाळेच्या कपाटातील पेनड्राइव्हवर ठेवावी. हीच त्या पानाची खरी मिळकत होय. पुढे दुसऱ्या जिल्ह्यातील एखादी शाळा, किंवा परळचीच एखादी शाळा, ही ध्वनिमुद्रणे आपल्या पानात जडवू इच्छील. तेव्हा आजवर दुसऱ्याच्या खिडकीतून पाहणारी शाळा स्वतः देखावा देणारी होईल, आणि तो देखावा टिकविण्याची जबाबदारीही तिच्यावर येईल.

फळ्यावरील सारांश

१. ठसा पानावर उमटतो. जडविलेली चौकट दुसऱ्याच्या घरात उघडते.
२. आधी पाठ, मग चौकट. एका पानास तीन पुरेत.
३. चौकटी गेल्या तरी पाठ उभा राहिला पाहिजे.
४. मुलाची माहिती मागू नये. अनावश्यक स्क्रिप्ट लावू नये.
५. गावातील आठवण शाळेने स्वतःपाशी जतन करावी.

शिक्षकांसाठी स्वाध्याय

१. आपल्या शाळेच्या संकेतस्थळावरील एक पान घेऊन त्यातील सर्व चौकटी झाकाव्यात व उरलेला मजकूर सहकारी शिक्षकास वाचावयास द्यावा. पाठ समजला काय ते टिपावे.
२. वरील पाच रकान्यांची नोंदवही आखून त्या पानातील चौकटी तीत नोंदवाव्यात.
३. जडविलेला नकाशा संगणकावर व भ्रमणध्वनीवर पाहून रुंदी-उंचीतील फरक मोजावा.
४. गावातून शहरात कामास गेलेल्या लोकांचा आपल्या परिसरातील कोणता उद्योग पाठासाठी घेता येईल याचा विचार करून पाच मुद्द्यांचा आराखडा तयार करावा, आणि प्रत्येक मुद्द्यापुढे ‘चौकट हवी’ किंवा ‘कथन पुरे’ असा शेरा लिहावा.
५. केंद्रसंमेलनात हा आराखडा मांडताना, तो सांगण्यासाठी गावातील कोणत्या वडीलधाऱ्या माणसास शाळेत बोलाविता येईल, हेही सांगावे.